सोलापुरात खाद्यपदार्थाचा नवा उद्योग काढायचाय? अनुदानाची फाईल अशी उभी करा

कडक भाकरी, शेंगा चटणी, ज्वारीचा रवा, डाळिंबाचा रस, हुरडा, असं आपल्याकडचंच काहीतरी पण जरा नव्या पद्धतीने बनवून विकायचं डोक्यात आहे, त्याला सरकारी अनुदान मिळतं असंही कानावर आलंय, पण नेमकं कुठल्या ऑफिसात जायचं, काय घेऊन जायचं आणि कुणाचं ऐकायचं हेच कळत नाही, अशा लोकांसाठी हे लिहितोय. बचत गटातल्या ताई, शेती बघत बघत काहीतरी प्रोसेसिंग करू म्हणणारी पोरं, घरून चटण्या विकणाऱ्या मावशी, सगळ्यांना उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. यातलं बहुतेक अनुदान कर्जाला जोडलेलं असतं. म्हणजे आधी बँक कर्ज मंजूर करणार, मशीन येणार, काम सुरू होणार, आणि सरकारचा वाटा येणार तो तुमच्या कर्जखात्याकडे, तुमच्या हातात रोख नाही. "सरकार १० लाख देतंय" असं जे सगळीकडे फिरतंय ती फक्त वरची मर्यादा आहे, आणि बँकेला तुमचा हिशोब पटला नाही तर त्यातला एक रुपयाही येत नाही. त्यामुळे फाईल करताना सतत हेच डोळ्यापुढे ठेवा की ही वाचणारा माणूस बँकेत बसलाय आणि त्याला फक्त एवढंच बघायचंय की हे कर्ज फिटेल का.

पहिलं काम: पदार्थ एकच धरा

भाकरी पण, चटणी पण, पापड पण, लोणचं पण, मसाले पण, असं सगळं एका अर्जात कोंबलं की बँकेला वाटतं या माणसाचं अजून काही ठरलेलंच नाही. एक मुख्य पदार्थ धरा, त्याच मशीनवर होणारे एकदोन जोडपदार्थ चालतील.

नवीन म्हणजे काय हेही समजून घ्या, कारण नवीन म्हटलं की लोक एकदम क्विनोआ नि प्रोटीन बार पर्यंत पोचतात. तसं काही लागत नाही. आपल्या ओळखीच्या पदार्थात जी अडचण आहे ती सोडवली की ते नवीनच. कडक भाकरी घ्या. पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग मंद आचेवर पूर्ण ओलावा जाईपर्यंत कडक करायची, नीट झाली तर कितीतरी दिवस टिकते, पण पुण्यामुंबईला कुरिअर केली की निम्मा डबा चुरा. मग छोट्या आकाराची, एकावर एक नीट बसणारी, कडक खोक्यातली भाकरी हा नवा प्रकल्प झाला. शेंगा चटणीची अडचण वेगळी, शेंगदाण्यात तेल भरपूर असल्याने हवा लागली की काही आठवड्यात खवट वास यायला लागतो, मग पॅकिंग कसलं, पाकिटात हवा किती राहते, भाजणी किती, यावर काम केलं तर तोच माल परराज्यात जातो. ज्वारीच्या पिठाचंही असंच, दळल्यावर ते फार दिवस चांगलं राहत नाही, कडवटपणा येतो, म्हणून पिठाऐवजी रवा, पोहे, लाह्या याकडे लोक वळतात. हुरड्याचा सीझन थंडीतले मोजके आठवडे, तोडल्यापासून त्याची गोडी उतरायला लागते, तो लगेच थंड करून फ्रोझन विकता आला तर वर्षभर गिऱ्हाईक आहे. आणि सांगोला पंढरपूरकडचं डाळिंब, उन्हाने साल करपलेलं किंवा आकाराने बारीक, आतून दाणे एकदम चांगले पण बाजारात भाव मिळत नाही, त्याचा रस नाहीतर अनारदाना, म्हणजे वाळवलेले दाणे.

ज्वारी धरली तर अजून एक फायदा आहे. केंद्राच्या 'एक जिल्हा एक उत्पादन' यादीत सोलापूरला ज्वारी आहे, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, सोलापूरच्या डाळिंबालाही त्याच वर्षी मिळालं. पण पाकिटावर "मंगळवेढा ज्वारी" असं छापायचं असेल तर त्या जीआयचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नाव नोंदवावं लागतं, तुमची जमीन तिथली आहे एवढ्याने भागत नाही. ही नोंदणी चेन्नईच्या जीआय कार्यालयात होते, मूळ अर्जदार संस्थेमार्फत गेलात तर सोपं जातं.

दुसरं: अर्जाच्या आधी थोडं विकून दाखवा

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि नेमकं हेच लोक टाळतात, म्हणतात आधी अनुदान येऊ दे मग बघू. अहो, विक्रीचा एक कागद नसेल तर बँकेत तुम्ही नुसतं तोंडी काय सांगणार?

घरच्या स्वयंपाकघरात सुरू करा पण कागद सरळ ठेवा. अन्नसुरक्षेची नोंदणी म्हणजे एफएसएसएआय, ही त्यांच्याच फॉसकॉस पोर्टलवर ऑनलाईन होते, छोट्या उलाढालीला साधी नोंदणी पुरते, धंदा वाढला की परवाना घ्यावा लागतो. त्याचा १४ आकडी नंबर पाकिटावर आलाच पाहिजे. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, आधार आणि पॅनवर होते, पूर्ण फुकट आहे, यासाठी कुणी पैसे मागितले तर सरळ उठून या. मग बँकेत धंद्याच्या नावाने चालू खातं काढा आणि सगळी विक्री त्याच खात्यातून फिरवा, यूपीआयचा क्यूआर त्याच खात्याचा लावा. सहा महिन्यांचं स्टेटमेंट ज्यात रोज शंभर, दोनशे, पाचशे येतायत ते बँकेला कुठल्याही गुळगुळीत रिपोर्टपेक्षा जास्त बोलतं.

विकायला जागा सोलापुरात कमी नाहीत. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत गड्ड्यावर स्टॉल, बचत गटांची प्रदर्शनं, आषाढी कार्तिकीला पंढरपूर, अक्कलकोटला येणारे भाविक, हायवेवरची हॉटेलं. विकताना एक वही ठेवा, कुणी परत आलं, कुणी काय तक्रार केली, किती पाकिटं परत आली. ही वही पुढे प्रकल्प अहवाल लिहिताना कामाला येते.

आणि याच काळात खर्चाचा हिशोब काढा, अंदाजाने नको, मोजून. एक किलो पिठात तुमच्या हाताच्या किती भाकरी होतात, त्यातल्या किती फुटतात, गॅस किती जातो, एक बाई तासाला किती थापते, पाकीट आणि लेबल केवढ्याला पडतं. शेंगा चटणी असेल तर शेंगदाणे भाजून टरफल काढल्यावर वजन किती घटतं ते तोलून बघा, बरेच जण कच्च्या शेंगदाण्याच्या वजनावर भाव धरतात आणि मग वर्षभर राबून हातात काही उरत नाही. तुमची स्वतःची मजुरी पण धरा, घरच्या बाईचं काम फुकट धरून काढलेला नफा खरा नसतो.

तिसरं: योजना निवडा

इथे गोंधळ जास्त होतो म्हणून थोडं सविस्तर.

छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगासाठी सगळ्यात सरळ म्हणजे पीएमएफएमई, प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजना. ही जून २०२० मध्ये सुरू झाली, देशभरासाठी १०,००० कोटींची, पैसे केंद्र आणि राज्य ६०:४० प्रमाणात देतात. वैयक्तिक उद्योगाला पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये. स्वतःचा हिस्सा किमान १० टक्के, बाकी बँकेचं कर्ज. महाराष्ट्रात ही कृषी विभाग चालवतो, म्हणजे जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालय नाहीतर तालुक्याचं कृषी कार्यालय. योजना मुळात २०२४-२५ पर्यंत होती, मग २०२५-२६ पर्यंत वाढवली, त्यामुळे मशीनचे कोटेशन गोळा करायच्या आधी कृषी कार्यालयात जाऊन अर्ज घेणं चालू आहे का हे पहिलं विचारा.

दुसरी पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, ही खादी ग्रामोद्योग आयोग आणि जिल्हा उद्योग केंद्रामार्फत. फक्त नवीन उद्योगाला, चालू धंद्याला नाही. उत्पादनासाठी प्रकल्प ५० लाखांपर्यंत. अनुदान सर्वसाधारण गटाला शहरात १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५, महिला, अनुसूचित जाती जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना शहरात २५ आणि ग्रामीणला ३५. या गटांना स्वतःचा हिस्सा ५ टक्केच लागतो, बाकीच्यांना १०. म्हणजे मोहोळ किंवा बार्शीजवळच्या खेड्यातली ताई नवीनच सुरू करत असेल आणि हातात पैसे कमी असतील तर तिला ही बरी पडू शकते, आणि आधीपासून चटणी विकणाऱ्या मावशींना पीएमएफएमई. राज्याची मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम नावाची अशीच एक योजना आहे, ती पण उद्योग केंद्रातच विचारायची.

प्रकल्प मोठा असेल तर राज्याची मुख्यमंत्री कृषी व अन्न प्रक्रिया योजना आहे, ३० टक्के, कमाल ५० लाख. शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर राज्याच्या कृषी विभागाच्या स्मार्ट प्रकल्पाची चौकशी करा. आणि गोदाम, प्रतवारी, शीतगृह असलं काही असेल तर कृषी पायाभूत सुविधा निधी, यात अनुदान नसतं पण २ कोटींपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात ३ टक्के सूट मिळते, ७ वर्षांपर्यंत, आणि पीएमएफएमईच्या कर्जाला पण ही सूट जोडता येते. हे बँकेतले लोक आपणहून सांगतीलच असं नाही, तुम्ही विचारा. एकाच मशीनवर दोन वेगळी भांडवली अनुदानं मात्र घ्यायला जाऊ नका, फाईल अडकते.

बचत गटातल्या ताईंसाठी

गटाची ताई असाल आणि काहीतरी प्रक्रिया आधीपासून करत असाल तर पीएमएफएमईत बीज भांडवल आहे, प्रत्येक सदस्याला ४०,००० रुपयांपर्यंत, खेळत्या भांडवलासाठी आणि छोट्या अवजारांसाठी. मिक्सर, सीलिंग मशीन, वजनकाटा, एका सीझनचे शेंगदाणे, असल्या गोष्टी यात बसतात. ग्रामीण भागात उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, तालुका कक्षातून जायचं, शहरात महापालिकेच्या शहरी उपजीविका विभागातून. एक समजून घ्या, हे पैसे बचत गटांच्या संघाला अनुदान म्हणून येतात पण तुम्हाला कर्ज म्हणून मिळतात, ते गटात परत करायचे असतात म्हणजे मग दुसऱ्या ताईला देता येतात. फुकटचे समजून खर्च केले की गटात भांडणं होतात, ते टाळा.

सुरुवातीला ४०,००० चा पल्लाच बरा असं माझं मत आहे. बिडी वळणं सोडून भाकरीकडे वळलेल्या बाईला पहिल्याच वर्षी पाच लाखाचं कर्ज अंगावर घ्यायची काही गरज नाही.

चौथं: हिशोब एकदा आकड्यात बघा

समजा भाकरी युनिटचा पात्र खर्च ६,००,००० रुपये. तुमचे १० टक्के म्हणजे ६०,०००. बँकेचं कर्ज ५,४०,०००. अनुदान ३५ टक्के म्हणजे २,१०,०००. हे २,१०,००० बँकेत तुमच्या नावाने वेगळे ठेवले जातात आणि तेवढ्या रकमेवर बँकेने व्याज लावायचं नसतं, म्हणजे व्याज खरं तर ३,३०,००० वरच. कर्जाचा शेवटचा हप्ता बँकेने दिल्यापासून ३ वर्षं खातं नीट चालू असेल आणि युनिट सुरू असेल तर ते अनुदान कर्जात वळतं होतं. मधेच हप्ते थकून खातं एनपीए म्हणजे थकीत झालं तर अनुदान हातचं जातं. एवढं एकदा कागदावर मांडा, घरच्यांना पण दाखवा, कारण हप्ता थकला की फोन घरी पण येतो.

जमिनीची किंमत यात धरत नाहीत. तयार शेडचं भाडं ३ वर्षांपर्यंत धरता येतं, आणि तांत्रिक बांधकामाचा खर्च पात्र खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंतच. म्हणजे अनुदानातून घराचा वरचा मजला होणार नाही, हा मशीनचा पैसा आहे. खेळतं भांडवल पण अनुदानात येत नाही, त्याची वेगळी सोय लागते, आणि हे विसरलेले लोक मशीन बसवून बसतात आणि ज्वारी घ्यायला पैसे नसतात. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी मार्चमध्ये बाजारात येते, स्वस्त असते तेव्हाच घेऊन ठेवावी लागते, त्यासाठी कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसं उचलायचं खेळत्या भांडवलाचं कर्ज, मागा, मशीनच्या टर्म लोनबरोबरच मागा, नंतर मागायला गेलं की पुन्हा सगळी फाईल.

पाचवं: मशीन आणि कोटेशन

मशीनवाल्याच्या कागदावर "तासाला इतक्या हजार भाकरी" असं मोठं लिहिलेलं असतं. त्यावर प्रकल्प बांधू नका. आधी जिथे ते मशीन चालू आहे तिथे जाऊन बघा, तुमची मालदांडी ज्वारी स्वतः दळून घेऊन जा आणि तुमच्या डोळ्यादेखत भाकरी काढायला सांगा. गव्हाच्या चपातीचं मशीन आणि ज्वारीचं पीठ यात फार फरक आहे, ज्वारीत ग्लूटेन नसतं, पीठ ताणलं जात नाही, गरम पाणी नीट नसेल तर कडा फाटतात. चपातीचं मशीन "भाकरी पण होते" म्हणून गळ्यात मारणारे आहेत.

किमान दोनतीन ठिकाणची कोटेशन घ्या, त्यावर जीएसटी नंबर, वॉरंटी, वीज किती लागते, सिंगल फेज की थ्री फेज हे लिहून घ्या. थ्री फेज असेल तर महावितरणकडे लोड वाढवायचा खर्च आणि वेळ दोन्ही धरा. पाण्याचं पण बघा, शहरात पाणी रोज येत नाही हे आपण सगळेच जाणतो, मग टाकी, फिल्टर आणि पाण्याची तपासणी हे प्रकल्पातच धरा, अन्न परवान्यासाठी पाण्याचा तपासणी रिपोर्ट लागतोच.

ज्वारीच्या पदार्थांसाठी मशीन आणि पद्धत शिकायची असेल तर हैदराबादची भारतीय श्रीअन्न संशोधन संस्था, तिचं रब्बी ज्वारीचं केंद्र सोलापुरातच आहे. डाळिंबासाठी केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र, दाणे काढण्यापासून रस अनारदान्यापर्यंतचं काम तिथे झालंय. मोहोळचं कृषी विज्ञान केंद्र पण आहे. या ठिकाणी जाऊन बोललात तर तुमच्या प्रकल्प अहवालात एक ओळ अशी येते की अमुक संस्थेची पद्धत वापरणार, आणि बँकेच्या नजरेत त्या ओळीला वजन असतं. प्रशिक्षण हवं असेल तर आरसेटीत, म्हणजे बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, विचारा, तिथे राहणं जेवण धरून फुकट शिकवतात, आणि त्याचं सर्टिफिकेट फाईलला लावता येतं.

सहावं: प्रकल्प अहवाल

पीएमएफएमईत जिल्हा संसाधन व्यक्ती म्हणजे डीआरपी नावाचे लोक नेमलेले असतात, ते अहवाल करायला, अर्ज भरायला, बँकेत पाठपुरावा करायला मदत करतात. त्यांचं मानधन सरकार देतं, कर्ज मंजूर झालेल्या प्रत्येक प्रकरणामागे २०,००० रुपये असं मूळ ठरलेलं आहे, तुम्ही त्यांना काही द्यायचं नसतं. यादी कृषी कार्यालयात मिळते. त्यामुळे "अनुदानाच्या दहा टक्के द्या, काम करून देतो" असं म्हणणारा कुणी भेटला तर त्याला नमस्कार करा आणि पुढे चला.

पण अहवाल डीआरपीने केला तरी तुम्हाला तो पाठ पाहिजे. बँकेचा माणूस विचारतो, महिन्याला ज्वारी किती लागणार, कुठून आणणार, कितीला, भाकरी कितीला विकणार, कुणाला, आणि तुम्ही "ते सरांनी लिहिलंय" म्हणालात की संपलं. पहिल्या वर्षी मशीनच्या क्षमतेच्या पन्नास साठ टक्केच उत्पादन दाखवा, शंभर टक्के दाखवलं की कुणालाच पटत नाही. घेणाऱ्यांची पत्रं लावा, दोन हॉटेलं, एक किराणा होलसेलवाला, पुण्यातला एखादा दुकानदार, लेटरहेडवर "महिन्याला इतका माल घेऊ" एवढं जरी असलं तरी चालतं. बँक डीएससीआर नावाचा एक आकडा बघते, म्हणजे वर्षाची कमाई हप्त्याच्या किती पट आहे ते, दीडच्या वर असेल तर त्यांना बरं वाटतं. तो बळेच फुगवू नका, खर्च मोजून काढलेला असेल तर तो आपोआप खरा येतो.

कागद म्हणाल तर आधार, पॅन, पासबुक, बँक स्टेटमेंट, जागेचा उतारा किंवा नोंदणी केलेला भाडेकरार, लाईट बिल, कोटेशन, उद्यम, एफएसएसएआय, गावात असाल तर ग्रामपंचायतीचं ना हरकत. सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे का तपासा, आधारवर एक आणि सातबाऱ्यावर दुसरं असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या, याच्यात फार वेळ जातो.

सिबिल स्कोअर, म्हणजे तुम्ही आधीची कर्जं कशी फेडली त्याचा गुणांक, पण आधीच बघून घ्या. कधीतरी हप्त्यावर घेतलेल्या मोबाईलचे राहिलेले दोन हप्ते किंवा दुसऱ्याला जामीन राहिलेलं कर्ज, यावरून चांगल्या चांगल्या फाईली परत येतात. थकलेलं भरून टाका आणि नो ड्यूज घ्या. पीएमएफएमईत एका कुटुंबातून एकालाच अनुदान मिळतं, म्हणजे नवरा, बायको आणि मुलं मिळून एक, त्यामुळे घरात ज्याचं सिबिल चांगलं आणि जो खरं काम करणार त्याच्याच नावाने अर्ज करा.

सातवं: अर्ज आणि बँक

पीएमएफएमईचा अर्ज योजनेच्या पोर्टलवर ऑनलाईन, मग जिल्हास्तरीय समिती बघते, शिफारस झाली की बँकेकडे. बँकेची शाखा निवडताना जिथे तुमचं खातं फिरतंय तीच निवडा. अर्ज ऑनलाईन गेला म्हणून घरी बसू नका, शाखेत जाऊन मॅनेजरला भेटा, सोबत तुमचा पदार्थ न्या. गोष्ट छोटी आहे पण पाकीटबंद, लेबल लावलेली, तारीख असलेली भाकरी टेबलावर ठेवली की बोलणं वेगळंच होतं.

निदान १० लाखांपर्यंतच्या सूक्ष्म उद्योग कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, मोठ्या कर्जाला सीजीटीएमएसईची, म्हणजे छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी कर्ज हमी निधीची, हमी घेता येते. तरी घर गहाण मागितलं तर शांतपणे हा नियम सांगा. नाही म्हणाले तर कारण लेखी मागा, तोंडी "होणार नाही" ऐकून परत येऊ नका. लेखी कारण असेल तर ते दुरुस्त करून परत जाता येतं, किंवा जिल्हा अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांकडे जाता येतं, सोलापूरची अग्रणी बँक बँक ऑफ इंडिया आहे. कर्ज मंजूर होण्याआधी मशीन खरेदी करू नका, ॲडव्हान्स पण देऊ नका.

खरंच कुणी केलं नाही असं काही असेल तर

वर सांगितलेल्या योजना मशीनला पैसे देतात, कल्पनेला नाही. तुमच्याकडे खरंच नवीन तंत्र असेल, समजा हुरडा महिनोन्महिने टिकवायची पद्धत, तर केंद्राच्या राष्ट्रीय कृषी विकास योजनेचा (आरकेव्हीवाय, आधीचं नाव आरकेव्हीवाय रफ्तार) कृषी स्टार्टअप कार्यक्रम बघा. तिथे कल्पनेच्या टप्प्यावर ५ लाखांपर्यंत आणि बीज टप्प्यावर २५ लाखांपर्यंत मदत मिळते, तीही कर्ज न घेता. हे पैसे कृषी इन्क्युबेटर, म्हणजे नव्या उद्योगांना उभं करणाऱ्या संस्था, त्यांच्यामार्फत येतात, त्यांचे अर्ज ठराविक काळातच उघडतात, निवड मुलाखतीतून होते, प्रशिक्षण पण घ्यावं लागतं. आपल्याला जवळ म्हणजे धारवाडचं कृषी विद्यापीठ आणि हैदराबादची मॅनेज संस्था, ज्वारी बाजरीसाठी हैदराबादचंच न्यूट्रीहब. कंपनी नोंदलेली असेल आणि डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग विभागाची, स्टार्टअप मान्यता असेल तर स्टार्टअप इंडिया सीड फंडातून, तो अजून चालू असेल तर, संकल्पना सिद्ध करायला २० लाखांपर्यंत मिळू शकतात, पण अर्ज करताना कंपनी २ वर्षांपेक्षा जुनी नको.

इथे बँकेसारखा हप्त्याचा प्रश्न नसतो, प्रश्न असतो पुराव्याचा. किती दिवस टिकतं याचा एनएबीएल मान्य (सरकारमान्य दर्जाच्या) लॅबचा रिपोर्ट, शेंगदाण्याचं काही असेल तर अफ्लाटॉक्सिनची, म्हणजे बुरशीच्या विषाची, तपासणी, आणि तुमच्या पद्धतीत असं काय आहे जे दुसरा उद्या सहज करू शकणार नाही. "आमच्या आजीची रेसिपी" एवढ्यावर तिथे पुढे जाता येत नाही.

मंजुरीनंतर

मंजुरी पत्रात व्याजदर, हप्ता आणि सवलतीचा काळ (म्हणजे हप्ते सुरू व्हायच्या आधीची मुदत) नीट वाचा. मशीनचे पैसे बँक थेट विक्रेत्याला देते, तुमच्या हिश्शाचे १० टक्के आधी भरावे लागतात, पावत्या जपून ठेवा. मशीन बसलं की फोटो, जागेची पाहणी, मग अनुदानाचा प्रस्ताव बँकेने पोर्टलवर टाकायचा असतो आणि हा टप्पा बऱ्याचदा शाखेत पडून राहतो, म्हणून दर आठवड्याला विचारत रहा, अनुदान जमा झाल्यावर तेवढ्या रकमेवरचं व्याज थांबलं का हे पण स्टेटमेंटमध्ये बघा.

सवलतीचा काळ मागताना आपल्या सीझनचा विचार करा. भाकरी चटणीची विक्री दिवाळीनंतर वाढते, संक्रांतीच्या यात्रेत वर जाते, आणि उन्हाळ्यात ढिली पडते, आषाढीला परत उचलते. मशीन एप्रिलमध्ये बसून पहिला हप्ता मे मध्ये लागला तर पहिल्याच महिन्यात ओढाताण. सहा महिन्यांची सवलत घेतली तर हप्ता दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, तोपर्यंत हॉटेलवाल्यांची उधारी वसूल झालेली असते आणि स्टॉलची नोंदणी पण करून ठेवता येते.